टीव्हीला लॅपटॉप जोडला: खालची पट्टी गायब, अक्षरं पुसट

हेलपाटा

मंडळी, थोडी मदत हवी आहे. बाबांना रोज सकाळी ई-पेपर वाचायचा असतो. मोबाइलवर त्यांना आता दिसत नाही, आणि छापील पेपरचा टाइपही बारीक वाटतो. म्हणून हॉलमधल्या ४३ इंची फुल एचडी टीव्हीला घरातला जुना लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडून दिला. चित्र आलं, पण भानगडी उरल्याच आहेत.

विंडोजची खालची पट्टी जेमतेम दिसते, कोपऱ्यातलं घड्याळ तर नाहीच. डावीकडचे आयकॉन अर्धे कापले जातात. अक्षरांच्या कडा भुरभुरीत दिसतात. तोच पेपर लॅपटॉपच्या १४ इंची पडद्यावर बरा दिसतो. आणि आवाज टीव्हीतून येतच नाही, लॅपटॉपमधूनच येतो.

दुकानदाराचं म्हणणं, केबल हलकी आहे, सोन्याचा मुलामा असलेली दीड हजाराची घ्या. घ्यावी का? रिझोल्यूशन १९२० बाय १०८० आहे, ते तपासून झालं.

सातारी_कंदी

दीड हजाराचे पेढे आणा, इथे वाटा, उत्तर फुकट मिळेल. सोल्डरगनकाका येईपर्यंत वाखू (वाचनखूण) साठवतो.

सोल्डरगन

केबल घेऊ नका. एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल जातो. केबल कमी पडत असेल तर चित्रात पांढरे ठिपके चमकतात, मधूनच पडदा काळा होतो, नाहीतर चित्रच येत नाही. सगळ्या पडद्यावरची अक्षरं सारखीच पुसट होणं हे केबलचं लक्षण नव्हे. मुलाम्याने कनेक्टर गंजत नाही एवढंच, चित्र त्याने सुधारत नाही.

तुमच्या पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. टीव्हीला वाटतंय की तुम्ही सेट टॉप बॉक्स जोडलाय. म्हणून तो आलेलं चित्र थोडं फुगवून दाखवतो आणि कडा पडद्याबाहेर जातात. याला ओव्हरस्कॅन म्हणतात.

हे पिक्चर ट्यूबच्या काळातलं खूळ आहे. ट्यूबवरच्या चित्राचा आकार विजेच्या दाबाप्रमाणे आणि ट्यूबच्या वयाप्रमाणे कमीजास्त व्हायचा, कडाही सरळ नसायच्या. गिऱ्हाइकाला काळी किनार दिसू नये म्हणून चित्र काचेपेक्षा थोडं मोठंच ठेवायचे. प्रक्षेपण करणारेही ते धरून चालायचे आणि नावं, पाट्या कडेपासून बऱ्याच आत ठेवायचे. एलसीडी पॅनलला यातलं काहीच लागत नाही, तिथे प्रत्येक पिक्सेल जागच्या जागी असतो. ट्यूब गेली, खोड राहिली.

आता हिशेब करा. प्रत्येक बाजूने अडीच टक्के कापले असं धरू. म्हणजे डावीकडे ४८ पिक्सेल, उजवीकडे ४८, वर २७ आणि खाली २७. विंडोज १० ची पट्टी १०० टक्के मापावर ४० पिक्सेल उंच असते, त्यातले २७ गेले. उरलं १८२४ बाय १०२६. तेवढंच चित्र टीव्ही परत १९२० बाय १०८० वर ताणतो. म्हणजे लॅपटॉपच्या एका पिक्सेलसाठी टीव्हीवर साधारण १.०५ पिक्सेल. पिक्सेलचा विसावा भाग काही पेटवता येत नाही, म्हणून शेजारच्या पिक्सेलचे रंग एकमेकांत मिसळून भागवलं जातं. सिनेमा बघताना कुणाच्या लक्षातही येत नाही. अक्षरांत मात्र रेघ एखाद-दोन पिक्सेलचीच असते, तिथे लगेच कळतं. देवनागरीत तर रफार, अनुस्वार, जोडाक्षराचे पोट हे सगळं भरून येतं.

उपाय टीव्हीच्या रिमोटवर आहे. पिक्चर साइझ, आस्पेक्ट किंवा स्क्रीन अशा नावाच्या मेनूत जा. प्रत्येक कंपनीने वेगळं नाव ठेवलंय:

सॅमसंगच्या जुन्या संचांत स्क्रीन फिट, नव्यांत फिट टू स्क्रीन.
एलजीत जस्ट स्कॅन.
सोनीत डिस्प्ले एरिया, त्यात फुल पिक्सेल.
फिलिप्सच्या संचांत अनस्केल्ड.
पॅनासॉनिकमध्ये ओव्हरस्कॅन नावाचंच बटण, ते बंद करायचं.
बाकी बऱ्याच स्वस्त संचांत डॉट बाय डॉट किंवा पॉइंट टू पॉइंट.

एवढं करा आणि इथे सांगा. आवाजाचं नंतर बघू.

निवांत_निपाणी

काका, हे लॅपटॉपमधूनही होतं की. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनलमध्ये चित्र लहान करायची पट्टी असते, ती ओढली की कडा आत येतात. रिमोट शोधायलाच नको.

सोल्डरगन

होतं, आणि नेमकं तेच करू नये. लॅपटॉपने १९२० चं चित्र आटवून १८२४ मध्ये बसवायचं आणि टीव्हीने ते परत १९२० वर ताणायचं. सदरा आधी आटवायचा आणि मग ओढून-ताणून अंगात घालायचा असला प्रकार. पट्टी दिसते, पण अक्षरं आधीपेक्षा वाईट होतात, कारण आता दोनदा भेसळ झाली. टीव्हीत पर्यायच नसेल तर नाइलाज म्हणून वापरा.

निवांत_निपाणी

पटलं. भर घालतो. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर वापरणाऱ्यांना याच्या उलट अनुभव येतो. त्याची जुनी सिस्टिम टीव्ही कडा कापणार असं आधीच गृहीत धरून स्वतःच भोवती काळी चौकट सोडते. मॉनिटर चांगला असला तरी चौकट राहतेच. कॉन्फिगच्या फाइलमध्ये ओव्हरस्कॅन बंद करायची एक ओळ असते, ती चालू केली की जाते.

हेलपाटा

सोल्डरगन, मनापासून धन्यवाद. पण पर्याय फिका दिसतोय, निवडताच येत नाही. १६:९ आणि झूम एवढंच मिळतं.

उन्हाळवारा

टीव्हीला सांगा की हा कॉम्प्युटर आहे. सोर्सच्या यादीत त्या एचडीएमआयवर जाऊन नाव बदलायची सोय असते. तयार नावांत सेट टॉप बॉक्स, डीव्हीडी, गेम असं असतं, त्यातलं पीसी निवडा. सॅमसंग आणि एलजीत हे केवळ लेबल नाही, त्या नावानेच टीव्हीचं वागणं बदलतं. कडा कापणं थांबतं, चित्रावरची बरीचशी रंगरंगोटी बंद होते आणि रंगांचं पूर्ण तपशिलाचं रूप दाखवलं जातं. सोनीत हेच काम पिक्चर मोडमधला ग्राफिक्स हा पर्याय करतो.

हात फिरवताय तर शार्पनेसही उतरवा. टीव्हीचा शार्पनेस म्हणजे कडेला मुद्दाम काढलेली पांढरी रेघ. बहुतेक संचांत तो शून्याकडे नेला की अक्षराभोवतीची झालर जाते. सोनीच्या नव्या संचांत मात्र ५० हा तटस्थ आकडा आहे, त्याच्या खाली गेलात तर चित्र मऊ पडेल. नॉइज रिडक्शन आणि हलणारं चित्र गुळगुळीत करणारं जे काही असेल ते बंद. त्यालाही प्रत्येकाने नाव दिलंय, ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस. त्याच्यामुळे माउस हलवल्यावर बाण मागून येतो.

हेलपाटा

जमलं! नाव पीसी केल्याबरोबर पट्टी पूर्ण दिसायला लागली. अक्षरं इतकी स्वच्छ आली की बाबांनी राशिभविष्यापासून निधनवार्तांपर्यंत सगळं वाचून काढलं.

एक नवीन गोष्ट मात्र झाली. काळा रंग आता राखाडी दिसतो, सगळ्यावर धुरकट पडदा असल्यासारखा. हे मीच काहीतरी दाबल्यामुळे की आणखी काही?

उन्हाळवारा

तुम्ही काही बिघडवलेलं नाही. कॉम्प्युटरच्या दुनियेत काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५. टीव्हीच्या दुनियेत काळा १६ आणि पांढरा २३५. लॅपटॉप टीव्हीच्या मापाने पाठवतोय आणि पीसी नाव दिल्यापासून टीव्ही कॉम्प्युटरच्या मापाने वाचतोय. १६ हा आकडा त्याच्या लेखी काळा नाही, गडद राखाडी आहे. नेमकं उलट झालं की सावल्या बुजून जातात आणि काळे केस म्हणजे एक काळा डाग दिसतो.

१०८० पी हे टीव्हीचं मानक रिझोल्यूशन असल्यामुळे एचडीएमआयच्या नियमानुसार लॅपटॉप आपणहून मर्यादित, म्हणजे १६ ते २३५ चं, माप धरतो. त्याला पूर्ण माप पाठवायला सांगा. इंटेलच्या ग्राफिक्स पॅनलमध्ये क्वांटायझेशन रेंज फुल करा, एनव्हिडियात आउटपुट डायनॅमिक रेंज, एएमडीत पिक्सेल फॉरमॅटमध्ये आरजीबी ४:४:४ फुल. टीव्हीच्या बाजूला हीच गोष्ट ब्लॅक लेव्हल नावाने असते. दोन्हीकडे एकच माप असलं म्हणजे झालं. ब्राइटनेस ओढून हे दुरुस्त करायला जाऊ नका, ते कायमचं फसतं.

सोल्डरगन

आवाजाचं राहिलं होतं. टीव्ही चालू असताना खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर टिचकी मारा, आवाजाच्या साधनांच्या यादीत टीव्हीचं नाव दिसेल, ते निवडा. टीव्ही बंद असेल तर नाव यादीत येतच नाही, म्हणून आधी टीव्ही चालू करायचा. तरीही नाव आलं नाही तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घेऊन टाका. एचडीएमआयचा आवाज ग्राफिक्सच्या चिपमधून जातो, साउंड कार्डाचा त्याच्याशी संबंध नाही. त्यामुळे साउंडचा ड्रायव्हर कितीही वेळा टाकलात तरी उपयोग शून्य.

आणखी एक. विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबा. चार पर्याय येतात. ड्युप्लिकेट ठेवू नका, सेकंड स्क्रीन ओन्ली ठेवा. जुन्या १४ इंची लॅपटॉपचा पडदा बहुधा १३६६ बाय ७६८ चा असतो, आणि ड्युप्लिकेटमध्ये दोन्ही पडद्यांना एकच माप मिळतं, म्हणजे टीव्हीलाही ७६८ पाजलं जातं. मापाच्या सेटिंगमध्ये १५० टक्के करा, अक्षरं मोठी होतील. रिझोल्यूशन उतरवून अक्षरं मोठी करायची नाहीत, त्याने सगळी मेहनत पाण्यात जाते.

फोडणीचा_भात

एवढी वायरींची जत्रा कशाला? विंडोज आणि के दाबा, यादीतून टीव्ही निवडा, वायरलेस चालू. मी तर केबल काढूनच टाकली.

उन्हाळवारा

सिनेमा लावून सोफ्यावर पडायचं असेल तर तुमचं बरोबर आहे, भातभाऊ. पण मिराकास्ट, म्हणजे तुमची ही वायरलेस जोडणी, चित्र आधी व्हिडिओसारखं दाबतं आणि मग वायफायवरून पाठवतं. माउस हलवला की बाण थोडा थांबून हलतो, आणि पान सरकवताना अक्षरं फुटतात. ज्यांना वाचायचंय त्यांना केबलच बरी.

बेलापूरची_मावशी

धागा वाचून हुरूप आला. आमच्याकडे ३२ इंची टीव्ही आहे, खोक्यावर एचडी रेडी लिहिलंय. कॉम्प्युटर जुना डेस्कटॉप. त्याला मागे निळं भोक आहे आणि पांढरं भोक आहे, एचडीएमआय नाहीच. टीव्हीला एचडीएमआय आहे आणि तसलंच निळं भोक पण आहे. शेजारचा मुलगा म्हणाला निळ्यासाठी बारकी डबी मिळते ती घ्या. मला मालिका बघायच्या असतात आणि सोसायटीचे हिशेब एक्सेलमध्ये करायचे असतात. काय घेऊ?

सोल्डरगन

मावशी, डबी नका घेऊ. पांढरं भोक म्हणजे डीव्हीआय, ते तुमच्या कामाचं आहे. एका टोकाला डीव्हीआय आणि दुसऱ्याला एचडीएमआय अशी साधी केबल मिळते. त्यात चिप नाही, वीज नाही, कारण दोघांचा चित्राचा सिग्नल एकाच जातीचा आहे. डीव्हीआय १९९९ चं. एचडीएमआयचा पहिला आराखडा २००२ च्या डिसेंबरात आला तो त्याच पायावर, वर आवाजाची सोय करून.

निळं भोक म्हणजे व्हीजीए, १९८७ पासूनचं, आणि ते ॲनालॉग. ते एचडीएमआयला जोडायचं तर मध्ये सिग्नलचं रूपांतर करणारी चिप लागते आणि तिला यूएसबीमधून वीज द्यावी लागते. दोन्ही टोकं बसतात म्हणून चिप नसलेली नुसती वायर विकणारेही आहेत, ती कधीच चालणार नाही. आणि हे डबे एकाच दिशेने चालतात. व्हीजीए ते एचडीएमआय आणि एचडीएमआय ते व्हीजीए या दोन वेगळ्या वस्तू आहेत, घेताना बाणाची दिशा बघायची. शिवाय व्हीजीएच्या वाटेत नक्कल-बंदीची सोय नाही, त्यामुळे काही ओटीटीवाले चित्र कमी दर्जाचं देतात किंवा पडदा काळाच ठेवतात. मालिकांसाठी डीव्हीआय बरं म्हणतो ते त्यामुळेही, मात्र ग्राफिक्स कार्ड फार जुनं असेल तर तिथेही अडू शकतं.

डीव्हीआयच्या मानकात आवाज नाही. काही ग्राफिक्स कार्डं त्यातूनही आवाज पाठवतात, पण त्यावर विसंबू नका. टीव्हीच्या मागे एखाद्या एचडीएमआयवर डीव्हीआय असंही छापलंय का बघा, आणि जवळच हेडफोनच्या मापाचं पीसी ऑडिओ इन असं भोक असेल. केबल त्याच एचडीएमआयला लावायची आणि डेस्कटॉपच्या हिरव्या भोकातून दोन्हीकडे हेडफोनची पिन असलेली वायर त्या ऑडिओ इनला. काम झालं.

उन्हाळवारा

मावशींच्या टीव्हीत अजून एक गोम आहे. एचडी रेडी ३२ इंचीचं पॅनल बहुतेक वेळा १३६६ बाय ७६८ चं असतं, पण एचडीएमआयवर तो कॉम्प्युटरला सांगतो की मला ७२० पी द्या नाहीतर १०८० द्या. दोन्ही त्याच्या पॅनलच्या मापाचे नाहीत. त्यामुळे ओव्हरस्कॅन बंद केलं तरी ताणाताणी होणारच, आणि एक्सेलच्या बारक्या आकड्यांत ती दिसणारच.

अशा वेळी १३६० बाय ७६८ हा पर्याय यादीत आहे का बघा. १३६६ ला आठने भाग जात नाही, आणि जुन्या ग्राफिक्सच्या हिशेबाला आठाच्या पटीतली रुंदी लागायची, म्हणून १३६० हा आकडा रूढ झाला. तो मिळाला तर दोन्ही बाजूंना तीन-तीन पिक्सेलची काळी रेघ राहील, पण अक्षरं जशीच्या तशी येतील. एचडीएमआयवर नसेल तर टीव्हीच्या निळ्या पीसी इनवर बहुधा असतोच.

म्हणजे मजा अशी की मावशींच्या टीव्हीवर हिशेबासाठी जुनं व्हीजीएच नव्या एचडीएमआयपेक्षा स्वच्छ दिसू शकतं. दोन्ही वायरी लावून ठेवा. मालिका एचडीएमआयवर, एक्सेल व्हीजीएवर, सोर्सचं बटण दाबलं की बदल.

बेलापूरची_मावशी

१३६० व्हीजीएवर मिळालं, एचडीएमआयवर नाही मिळालं. आकडे खरंच स्वच्छ. मेंटेनन्स थकवलेल्यांची नावं आता हॉलच्या दारातूनही वाचता येतात, त्यामुळे कुणी आलं की टीव्ही बंद करावा लागतो. सोल्डरगनभाऊ, उन्हाळवारा, दोघांनाही आशीर्वाद.

माडाखालचा

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. लॅपटॉप चार्जिंगला असताना एचडीएमआयची पिन हातात धरली की झिणझिण्या येतात. केबल टीव्हीला लावताना एकदा बारीक ठिणगीही दिसली. मागच्या पावसाळ्यात टीव्हीचं एक एचडीएमआय मेलंय. घर जुनं, मालवणकडचं. दुर्लक्ष करू की काही करू?

सोल्डरगन

दुर्लक्ष करू नका. चित्राच्या गोष्टींपेक्षा हे महत्त्वाचं आहे.

लॅपटॉपच्या चार्जरमध्ये विजेचा गोंगाट जमिनीत सोडण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नीट असेल तर ती गळती निमूट जमिनीत जाते. आपल्याकडे तीन पिनी प्लगवर दोन पिनी कन्व्हर्टर चढवतात, किंवा सॉकेटला तिसरं भोक असतं पण त्यामागे वायरच नसते. मग लॅपटॉपचा धातूचा भाग अधांतरी राहतो आणि २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर जाऊन बसतो. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण टीव्हीला केबलवाल्याची किंवा डिशची वायर असते आणि तिची जाळी दुसऱ्याच कुठल्यातरी जमिनीला टेकलेली असते. तुम्ही एचडीएमआय लावता तेव्हा दोन्हींतला फरक त्या बारक्या पिनांतून वाट काढतो. तुमची ठिणगी तीच. भोक त्याने जाऊ शकतं.

इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या. तोवर दोन्ही यंत्रांचे प्लग काढा, एचडीएमआय लावा, मग वीज चालू करा, काढतानाही तसंच. वळवाच्या पावसात ढग गडगडायला लागले की टीव्हीच्या मागची डिशची वायर आधी काढायची. निव्वळ बटण बंद करून उपयोग नाही, वायरच काढायची.

माडाखालचा

उद्याच वायरमनला गाठतो. जाता जाता, गणपतीत मंडपातल्या मोठ्या टीव्हीवर आरत्यांचे शब्द दाखवायचे आहेत. लॅपटॉप मंडपाच्या मागे, अंतर पंधरा मीटरच्या पुढे. एवढी एचडीएमआय चालेल?

निवांत_निपाणी

१०८० पी ला पंधरा मीटर साध्या केबलवर नशिबाचा भाग आहे, जाड केबल असेल तर निघतं. मंडपात नशिबावर राहू नये. दोन वाटा आहेत. लॅन केबलवरून एचडीएमआय नेणारी डब्यांची जोडी येते, एक डबा लॅपटॉपकडे, एक टीव्हीकडे, मध्ये साधी कॅट ६ वायर. वायर तुटली तर गावातही मिळते. दुसरी वाट ऑप्टिकल एचडीएमआय केबलची. तिच्या एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं, उलटी ओढलीत तर चित्र येणार नाही आणि अख्खी परत काढावी लागेल. तिला कचकन वाकवायचंही नाही. मंडपात पोरं नाचणार असतील तर मी लॅनवाली घेईन.

आणि लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर झोपू नये हे पॉवरच्या सेटिंगमध्ये आधीच करून ठेवा. नाहीतर ‘सुखकर्ता’च्या दुसऱ्या कडव्याला पडदा काळा.

सातारी_कंदी

आमच्याकडे दुसरं कडवं तसंही कुणाला पाठ नसतं, त्यामुळे पडदा काळा झाला की आरती तिथेच संपते.

अवांतर सोडून एक खराखुरा प्रश्न. भावाने ४के टीव्ही घेतलाय. लॅपटॉप जोडला तर माउस अडखळत चालतो, जणू प्रत्येक पावलाला विचार करतोय.

उन्हाळवारा

त्याच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ३० हर्ट्झ दिसत असणार. एचडीएमआय १.४ च्या वाटेवर ४के नीट जातं ते सेकंदाला ३० चित्रांपर्यंतच. ६० साठी २.० लागतं, तो आराखडा २०१३ चा. टीव्ही नवा असला तरी लॅपटॉपचं भोक जुन्या जातीचं असू शकतं. इंटेल यूएचडी ६२० असलेल्या कितीतरी लॅपटॉपांत एचडीएमआय १.४ च आहे.

वाट यूएसबी-सी मधून निघते. त्या भोकाशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं चिन्ह असेल तर ४के ६० लिहिलेला यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर घ्या. चिन्ह नसेल तर लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती वाचल्याशिवाय घेऊ नका, कारण निव्वळ चार्जिंगची आणि डेटाची यूएसबी-सी दिसायला अगदी तशीच असते. मग टीव्हीत त्या एचडीएमआयची पूर्ण क्षमता चालू करा. ती बऱ्याचदा बंद येते. सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, एलजीत अल्ट्रा एचडी डीप कलर, सोनीत एन्हान्स्ड फॉरमॅट. ही केबल मात्र दोन-तीन मीटरच्या आतली आणि प्रीमियम हाय स्पीड लिहिलेली घ्या. केबलवर पैसे घालायची जागा इथे आहे, पण तीही दीड हजाराची नाही.

हेलपाटा

धागा माझ्या हातातून निघून गेला, पण चांगल्या हातात गेला. आता बाबांनी कपाटातून लग्नाच्या व्हिडिओची फाइल काढायला लावली. कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेऊन ठेवली होती. टीव्हीवर लावली तर कॅमेरा फिरतो तिथे चित्राला धक्के बसतात, आणि हलणाऱ्या हातांना कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात. सगळी माणसं रुंदही दिसतात. आईला तेच जास्त लागलंय.

सोल्डरगन

आपल्याकडची कॅसेट म्हणजे पाल पद्धत, सेकंदाला २५ चित्रं. लॅपटॉप टीव्हीला ६० हर्ट्झ देतोय. २५ चित्रं ६० फेऱ्यांत सारखी वाटता येत नाहीत, कुठलं दोनदा दाखवलं जातं, कुठलं तीनदा, म्हणून धक्के. विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट ५० हर्ट्झ करा. भारतात विकलेले टीव्ही ५० घेतात. प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसेल. व्हिडिओ बघायला कोडी हा प्लेयर वापरत असाल तर त्यात हे आपोआप बदलायची सोय आहे, ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट.

रेघा येतात कारण कॅमेऱ्याने प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत घेतलं, आधी विषम ओळी, मग सम. व्हीएलसी प्लेयरमध्ये व्हिडिओच्या मेनूत डीइंटरलेस चालू करा आणि प्रकार यॅडिफ २एक्स निवडा. मग सेकंदाला ५० पूर्ण चित्रं तयार होतात आणि ती ५० हर्ट्झवर चपखल बसतात. वरातीतला नाच एकदम सुधारेल.

रुंदीचं कारण वेगळं. फाइल ७२० बाय ५७६ ची असते, पण तिचे पिक्सेल चौकोनी नसतात. ती ४:३ मध्ये दाखवायची असते, म्हणजे चौकोनी पिक्सेलांच्या हिशेबात ७६८ बाय ५७६. टीव्हीला तशीच पूर्ण पडदाभर ताणायला लावलं की सगळे जाडे होतात. व्हीएलसीत आस्पेक्ट रेशो ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या राहू द्या, टीव्हीच्या झूमने घालवायला जाऊ नका.

हेलपाटा

५० केलं, धक्के गेले. रेघाही गेल्या. आई बारीक झाली, पण आता बाबांची तक्रार आहे की पट्ट्यांमुळे मामाचा हात कापला गेलाय.

सोल्डरगन

तो कॅमेरामननेच कापलाय. त्याला इलाज नाही.